स्टेनलेस बॅरलवर साईट बसवायची, पण भोक कुठे पाडायचं?

विट्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. मामांच्या पश्चात त्यांची .२२ बोल्ट अॅक्शन रायफल रीतसर परवान्यावर त्याच्या नावावर झाली. मामा परदेशातून कायमचे परतले तेव्हा सोबत आणलेली. बॅरल स्टेनलेस स्टीलचं, २२ इंच लांब, वर साईट मुळातच नाहीत, फक्त रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मागच्या सांगाड्यावर, दुर्बीण चढवायला ११ मिमीची खाचपट्टी. त्याला रेंजवर ५० मीटरला दुर्बिणीशिवाय, "उघड्या साईट"वर सराव करायचाय. गावातला एक फिटर म्हणतो, डाख देऊन बसवू. दुसरा म्हणतो, भोकं पाडून आटे काढू. तिसऱ्याने टिग वेल्डिंगचा विषय काढलाय. सोबत त्याने मापं दिलीत: तोंडापाशी बॅरलचा व्यास १५.८ मिमी, तिथून १०० मिमी मागे १६.४ मिमी.

मापं दिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण रायफलचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "होईल ना?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. मागची साईट बॅरलवर बसवूच नका. ती ११ मिमीच्या खाचपट्टीवर घ्या, छिद्राची, म्हणजे पीप. पुढची माशी, म्हणजे पुढच्या साईटचं उभं टोक, बॅरलच्या तोंडावर कड्याने बसवा. बारीक छिलून काढलेलं कडं, आत मध्यम ताकदीचा लॉकिंग गोंद, आणि सगळं जुळल्याची खात्री झाल्यावर खालून एक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू. डाख नको, वेल्डिंग तर नकोच, आणि भोक पाडायची वेळ यायचं तुमच्या बाबतीत काही कारण दिसत नाही.

आता एक कोरडी गोष्ट आटपून टाकू. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हेसुद्धा परवान्याचं काम आहे. रायफल तुमच्या नावावर असली तरी गावातल्या फिटरकडे ती कामासाठी सोडता येत नाही, मग त्याचा हात कितीही सरळ असो. दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच काम करायचं. कडं, माशी, त्याचे स्क्रू हे सुटे भागही मापं देऊन त्याच दुकानातून करून घ्या. आणि बॅरलवरचे नंबर, शिक्के यांवर कानस, ड्रिल, पॉलिश काहीही फिरवायचं नाही. कलम ८ त्यासाठीच आहे. मागची साईट बॅरलवर घेतली की ती नेमकी त्या शिक्क्यांच्या आसपास येते, हेही एक कारण धरा.

आता धातूकडे येऊ, कारण सगळा घोटाळा "स्टेनलेस" या एका शब्दाने होतो.

आपल्याकडे स्टेनलेस म्हटलं की डोळ्यापुढे डबा, ताट, तांब्या येतो. तो ३०४ जातीचा, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवाला, चुंबकाला न चिकटणारा. बॅरलचं स्टेनलेस वेगळ्या घराण्यातलं, बहुधा ४१६ जातीचं. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळजवळ नाही, आणि यंत्रावर नीट कापलं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं गंधक. ते कडक करून, पाणी उतरवून वापरतात. फ्रीजच्या दारावरचं चुंबक बॅरलला लावून बघा, टपकन चिकटेल. साध्या काळ्या बॅरलला जे पोलाद वापरतात ते आपल्या वर्कशॉपच्या भाषेत ईएन-१९ च्या जवळपासचं. त्यावर काम केलेला हात ४१६ वर लगेच बसतो असं नाही, पण ३०४ वर वेल्डिंग करणाऱ्याचा हात तर त्याहून फसतो.

गंधकामुळे तीन गोष्टी होतात. कापायला बरं पडतं. गंजाला मात्र ते घरातल्या ताटापेक्षा कच्चं असतं. पाटण-कोयनेच्या पावसात चार महिने ओल्या गवसणीत पडलेलं स्टेनलेस बॅरल तांबूस ठिपक्यांनी भरलेलं मी पाहिलंय. मालक शपथेवर सांगत होता, की स्टेनलेस गंजतच नाही. आणि तिसरं म्हणजे वेल्डिंग केलं की गंधकवाल्या स्टीलला तापता-तापताच भेगा जातात. म्हणून टिगवाल्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

डाखाबद्दल जरा सविस्तर लिहितो. कारण डाख ही जुनी, चांगली आणि मानाची पद्धत आहे. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी डाखानेच जोडलेली असते. त्यामुळे जुने कारागीर "डाख देऊ" म्हणतात तेव्हा ते चूक बोलत नसतात. फक्त ते काळ्या पोलादाबद्दल बोलत असतात.

डाख धरायचा तर खालचा धातू उघडा, स्वच्छ हवा. तांब्या-पितळेची भांडी कल्हईला बसणारे लोक नवसागराची चिमूट टाकतात, धूर निघतो, मळ सुटतो आणि कथील क्षणात पसरतं. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साईडची एक अदृश्य साय असते. घासून काढली तरी हवा लागताच पुन्हा येते. नवसागर, राळ यांना ती दाद देत नाही. तिला उठवायला फॉस्फरिक आम्लाचं किंवा झिंक क्लोराईड आणि मिठाच्या आम्लाचं तिखट फ्लक्स लागतं. दुसरी अट अशी, की आधी बॅरलवर आणि साईटच्या बुडावर वेगवेगळी कल्हई चढवायची आणि मग दोन्ही एकत्र तापवून बसवायचं. थेट मधे डाखाची तार सरकवायला गेलात, तर कडेने छान चकचकीत रेघ दिसते आणि आत निम्मी जागा कोरडी राहते.

समजा एवढं सगळं नीट केलं. मग उष्णतेचा प्रश्न येतो. कथील-शिशाचा ६०-४० डाख १९० अंशांच्या आत वितळतो. कथीलात चार टक्क्यांच्या आसपास चांदी असलेला डाख २२१ ला वितळायला लागतो आणि तो बराच मजबूत. या तापमानाला बॅरलला काही होत नाही. पण बाजारात "सिल्व्हर सोल्डर" या एकाच नावाने दोन वस्तू मिळतात. दुसरी म्हणजे चांदीची ब्रेझिंग कांडी, जिला सहाशेच्या वर उष्णता लागते. आणि ४१६ साधारण ४०० ते ५८० च्या पट्ट्यात नेलं की ठिसूळ होतं, त्यापुढे नेलं की कारखान्याने दिलेला कडकपणाच बदलतो. दुकानदाराला फरक माहीत असेलच असं नाही. पुडीवर वितळण्याचा अंक छापलेला नसेल तर ती पुडी आणू नका.

रंगावर भिस्त ठेवणारे इथे हमखास फसतात. साध्या पोलादाला २२० च्या आसपास गवती पिवळी झाक येते आणि ३०० जवळ निळी. लोहार, फिटर, सगळ्यांच्या डोळ्यात हे रंग बसलेले. स्टेनलेसवर मात्र तीच पिवळी झाक तीनशेच्या घरात उमटते. म्हणजे तुम्ही पिवळ्याची वाट बघत टॉर्च धरून बसलात, तर डाखाला हवी त्याहून कितीतरी जास्त उष्णता आधीच आत गेलेली असते.

एवढं होऊनही मी डाखाला थेट नाही म्हणालो नसतो. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका स्टेनलेस बॅरलवर माशीचा उंचवटा, ज्याला रॅम्प म्हणतात, तो डाखाने बसवला. काम देखणं झालं होतं. सोड्याच्या गरम पाण्याने धुतलं, तेल लावलं, मालकाला दिलं. तो माणूस जावळीच्या बाजूचा. दोन पावसाळ्यांनी रायफल परत आली ती रॅम्पच्या कडेला खाली तपकिरी ओघळ घेऊनच. रॅम्प काढला तर खाली कोरड्या राहिलेल्या दोन जागांत फ्लक्स अडकलेलं होतं आणि त्याखाली बॅरलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत गेले होते. क्लोराईड हा स्टेनलेसचा जुना वैरी. बाहेरून धुतलेलं पाणी आत पोचलंच नव्हतं. खड्डे उथळ होते, बॅरल वाचलं, पण पॉलिश करून ते पुरते गेले नाहीत आणि मी त्या कामाचे पैसे परत केले. तेव्हापासून स्टेनलेसवर डाख मी फक्त तेव्हाच देतो, जेव्हा रायफल मोठ्या धक्क्याची असते आणि स्क्रूच्या जोडीला आधार लागतो. .२२ ला तो धक्काच नसतो.

दुसऱ्या फिटरचा मार्ग, भोकं आणि आटे. लोकांना याचीच जास्त भीती वाटते. बॅरलला भोक म्हटलं की घरातली माणसं दचकतात. खरं तर जाडी मोजून, उथळ पाडलेली दोन भोकं डाखापेक्षा कमी जोखमीची. फक्त गणित आधी करायचं.

तुमचं गणित असं. .२२ च्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीत, खोबणीच्या तळापर्यंतचा व्यास ५.६५ मिमीच्या आसपास. बाहेरचा १५.८. वजाबाकी करून निम्मे केले की एका बाजूला पाच मिमी भिंत राहते. साईटसाठी जगभर चालणारा बारीक स्क्रू म्हणजे सहा-अठ्ठेचाळीस: व्यास ३.५ मिमी, इंचाला ४८ आटे. त्यासाठी ३.०५ मिमीचं भोक. खोली अडीच मिमी ठेवली तर चारएक पूर्ण आटे मिळतात आणि खाली अडीच मिमी भिंत उरते. कागदावर झकास. पण साध्या ड्रिलचं टोक निमुळतं असतं. तीन मिमीच्या ड्रिलचं नुसतं टोकच जवळपास ०.९ मिमी उंच. पूर्ण व्यासाची अडीच मिमी खोली हवी म्हणून ड्रिल खाली नेत राहिलात, तर टोक आणखी नऊ दशांश पुढे जातं आणि उरलेली भिंत कमी होते. म्हणून शेवटचा मिलिमीटर सपाट घासलेल्या ड्रिलने किंवा एंड मिलने घ्यायचा आणि आटे बॉटमिंग टॅपने, म्हणजे सपाट टोकाच्या आटे पाडायच्या हत्याराने, तळापर्यंत न्यायचे. शिवाय सगळी बॅरलं आतून-बाहेरून एककेंद्री नसतात. बोअर दोन-तीन दशांशाने एका अंगाला सरकलेलं असू शकतं. तोंडाकडून आणि चारी बाजूंनी मोजल्याशिवाय "पाच मिमी आहे" म्हणायचं नाही. आणि चेंबरवर, जिथे काडतूस बसतं तिथे, कधीच भोक नाही. दाब तिथे सर्वांत जास्त.

स्टेनलेसमध्ये आटे पाडताना ड्रिल बोथट असेल तर ते कापत नाही, घासतं. घासलं की पृष्ठभाग चकाकतो, कडक होतो आणि पुढचं ड्रिलही त्यावर नाचतं. कोबाल्टचं नवं ड्रिल, कमी वेग, दाब सोडायचा नाही, गंधकयुक्त कटिंग ऑइल. टॅप पाव फेरा पुढे, अर्धा मागे, दर खेपेला बाहेर काढून साफ. स्टेनलेसचा कीस चिकट असतो, तो आट्यांना धरून बसतो. माझा एक टॅप असाच एका संध्याकाळी, "आता हा शेवटचा अर्धा फेरा" म्हणताना तुटला. तीन मिमीच्या भोकात तुटलेला टॅप पंच मारून काढायचा प्रयत्न करणारे मी बघितलेत आणि त्यांची बॅरलंही बघितलीत. मी रायफल पुन्हा बांधली, परवान्याची कागदं घेतली, मिरज एमआयडीसीतल्या स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू झिजवणाऱ्या, यंत्रापाशी स्वतः दोन तास उभा राहिलो आणि टॅपचा भुगा करून बाहेर काढला. बॅरल वाचलं. तेव्हापासून संध्याकाळी सहानंतर मी टॅप हातात धरत नाही.

आणखी एक भानगड सांगून भोकांचा विषय सोडतो. सांगलीच्या बाजारात सहा-अठ्ठेचाळीसचा स्क्रू सहजी मिळत नाही. मिळतो साडेतीन मिमीचा मेट्रिक, आट्याचं अंतर ०.६ मिमी. खऱ्या स्क्रूचं अंतर ०.५३ मिमी. व्यास सारखाच असल्यामुळे मेट्रिक स्क्रू दीड-दोन फेरे अगदी गोडीने जातो आणि मग अडतो. माणसाला वाटतं, आटे घट्ट आहेत, अजून जोर लावू. विलायती जुन्या बंदुकांत ४ बीए नावाचा तिसराच स्क्रू असतो, ३.६ मिमीचा, तोही असाच फसवतो. आटे मोजायची गेज पत्ती आधी लावून बघा, मग हात लावा.

आता तुमच्यासाठी जे सुचवलं त्याकडे.

मागची साईट खाचपट्टीवर का, याला शिक्क्यांपेक्षा मोठी कारणं आहेत. बॅरलवर मागची साईट घेतली तर दोन साईटमधलं अंतर होतं ४०० मिमीच्या आसपास. रिसीव्हरच्या मागच्या टोकावर घेतली तर साधारण ६५०. नेम धरताना माशी ०.२ मिमीने इकडेतिकडे झाली, आणि ती होतेच, तर पहिल्या मांडणीत ५० मीटरवर गोळी २५ मिमी सरकते, दुसरीत १५. फुकटात मिळालेली सुधारणा आहे ही. दुसरं म्हणजे डोळा. खाचेच्या साईटमध्ये खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर एका वेळी लक्ष द्यायचं असतं आणि डोळा तीन अंतरांवर एकदम ठरत नाही. चाळिशीनंतर तर खाच नुसती धूसर पट्टी होते. छिद्रातून बघताना छिद्राकडे लक्ष द्यावंच लागत नाही, डोळा आपोआप मध्य पकडतो. माशीकडे बघायचं आणि चाप ओढायचा.

तुम्ही "उघड्या साईट" म्हणालात. छिद्राची साईट काटेकोर अर्थाने उघडी नाही, हे मान्य. पण रेंजवरचा ५० मीटर रायफलचा खेळ याच साईटवर चालतो. दुर्बिणीला तिथे मनाई आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते याच प्रकारात, .२२ रायफलने, छिद्रातून बघून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक सुवर्ण घेतलं तेही असंच. सराव करायचाच तर त्या वाटेची साईट घ्या. ११ मिमीच्या खाचपट्टीवर चिमट्याने बसणाऱ्या पीप साईट तयार मिळतात. बॅरलला ओरखडाही जात नाही.

पुढचं कडं. तुमच्या मापावरून बॅरल १०० मिमीत ०.६ मिमीने निमुळतं होतं. कड्याची लांबी १६ मिमी धरली तर तेवढ्या अंतरात जवळजवळ ०.१ मिमीचा फरक. म्हणून कड्याचं भोक सरळ रीमरने काढून चालत नाही. मागच्या कडेला घट्ट बसतं आणि पुढे डुगडुगतं. लेथवर कंपाउंड, म्हणजे हत्यार धरणारी वरची सरक, किंचित फिरवून तेवढाच निमुळतेपणा भोकाला द्यायचा आणि सगळीकडे व्यासात ०.०५ ते ०.१ मिमीची जागा गोंदासाठी सोडायची. कड्याला साधं ईएन-८ पुरे. ते काळं करता येतं. स्टेनलेसचं कडं करू नका. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की अडकतं. आणि आपल्याकडे बंदुका काळ्या करायला जो खाऱ्याचा उकळता हौद वापरतात, त्यात स्टेनलेस घातलं तर ते जसं जातं तसंच बाहेर येतं.

गोंदाबद्दल बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. स्क्रू पक्के करायचा जो लॉकिंग गोंद येतो, तो हवा तुटल्यावर आणि धातूच्या स्पर्शाने घट्ट होतो. लोखंड, पितळ यांच्याशी तो झटकन काम करतो. स्टेनलेस त्याच्या दृष्टीने निष्क्रिय धातू. काळ्या कड्याची बाजू धरते, बॅरलची बाजू दुसऱ्या दिवशीही ओली असते. त्यासाठी वेगळा अॅक्टिव्हेटर फवारा मिळतो, तो बॅरलवर मारायचा, सुकू द्यायचा, मग गोंद. त्याआधी अॅसिटोनने दोनदा पुसून घ्यायचं. बोट लावायचं नाही. आणि गोंद मध्यम ताकदीचाच घ्या. जबर ताकदीचा घेतलात तर पुढे कधी कडं काढायला अडीचशे अंश तापवावं लागेल, म्हणजे ज्या टॉर्चपासून पळालो त्याच्याच दारात परत.

गोंद लावण्याआधी कडं कोरडंच चढवून रायफल व्ही-ब्लॉकवर बांधा. पातळी खाचपट्टीच्या सपाट भागावरून घ्यायची, दस्त्यावरून नाही. दस्ता लाकडाचा, त्याच्या रेषांवर विसंबू नये. मग कड्याच्या माथ्यावर दुसरी पातळी. माशी बोअरच्या मध्यापासून २३ मिमी वर असेल आणि कडं अर्धा अंश कललेलं असेल, तर माशी ०.२ मिमीने बाजूला जाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे ५० मीटरवर १५ मिमी. मागच्या साईटचा आडवा स्क्रू ते भरून काढेल, पण कललेली माशी डोळ्याला रोज टोचत राहते आणि मग माणूस नकळत रायफलच वाकडी धरायला लागतो.

२३ मिमी हा आकडा हवेतून काढलेला नाही. समजा तुमच्या पीपच्या छिद्राचा मध्य बोअरच्या मध्यापासून २५ मिमी उंच आहे. .२२ ची साधी गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटरने निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत साधारण १२ सेंटीमीटर खाली येते. ही घट आणि साईटची उंची दोन्ही हिशोबात घेतली, तर माशीचं टोक छिद्राच्या मध्यापेक्षा १.८ ते १.९ मिमी खाली हवं, म्हणजे २३.१ च्या जवळपास. तुमच्या साईटची उंची वेगळी निघाली तर तेवढाच फरक ठेवा. पीपचा उभा स्क्रू आधी त्याच्या मधोमध आणून ठेवा आणि मगच उंची मोजा, नाहीतर पुढे एका बाजूला फिरायला जागाच उरत नाही.

माशी मात्र मुद्दाम अर्धा मिमी उंच ठेवून करा. पुढची माशी उंच असली की गोळी खाली लागते. अर्धा मिमी म्हणजे ५० मीटरवर जवळपास चार सेंटीमीटर खाली. मग कानस. ६५० मिमीच्या मांडणीत माशीचा ०.१३ मिमी काढला की गोळी एक सेंटीमीटर वर चढते. कानशीचे दोन हलके हात, पाच गोळ्या, पुन्हा दोन हात. मिरजेत सतार करणारे जवारी काढताना घोडीवर कानस फिरवतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा फिरवतात. माझ्या मते माशी घासायची तालीम कुणाला द्यायची असेल तर तिथे चार दिवस बसवावं. जास्त घासलेली जवारी आणि जास्त घासलेली माशी, दोन्हींत भर घालता येत नाही. पीपला स्क्रू आहे ना, मग घासायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. स्क्रू वारा, उजेड, काडतुसाची खेप बदलली की वापरायला असतो. कायमची चूक त्यावर लादली तर तो रोजच्या कामाला उरत नाही.

गोंद लावल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही. मग रेंजवर किमान पन्नास गोळ्या. कडं हललं नाही, माशी सरळ आहे, याची खात्री झाली की मगच खालचा ग्रब स्क्रू. त्याच्या टोकासाठी बॅरलच्या पोटाशी अर्ध्या मिमीची उथळ खळी पुरे, तीही ड्रिलच्या टोकाने नुसती उमटवलेली. स्क्रू आवळायचा म्हणजे टेकवायचा. तोंडाच्या शेवटच्या इंचात बोअरला किंचित जरी चिमटा बसला तरी गोळ्यांचा गट पसरतो आणि मग दोष माशीला, काडतुसाला, डोळ्याला देत बसावं लागतं. तोंडाची गोलाई, जिला क्राऊन म्हणतात, तिच्यापासून कडं चार-पाच मिमी मागे ठेवा. साफ करताना गज आपटून तिथे आधीच एखादी टोच पडली असेल, तर ते काम साईटच्या आधी बघावं लागेल. तिथे नख फिरवून अडतंय का ते आजच बघा.

राहिली चकाकी. स्टेनलेसचं बॅरल दुपारच्या उन्हात माशीच्या खालून डोळ्यात चमकतं आणि माशीची कड कुठे संपते ते कळत नाही. जत-आटपाडीकडच्या उघड्या माळावर तर फारच. काच-मण्यांचा ब्लास्ट मारून बॅरल धुरकट करता येतं, पण त्यासाठी बोअरला दोन्ही बाजूंनी बुच आणि शिक्क्यांवर टेप हवी. मी तरी सराव सुरू झाल्यावर गरज वाटली तरच करा म्हणेन. तोवर जुना उपाय पुरतो. देवघरातला कापूर पेटवा आणि त्याच्या धुरावर माशी धरा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आणि बोल्ट बाहेर काढून, हे सांगायला नको. जी मिट्ट काळी काजळी बसते तिच्यावर कुठल्याही कोनातून उजेड चमकत नाही. बोट लागलं की जाते, म्हणून ती रेंजवर पोचल्यावर, पहिली गोळी भरायच्या आधी लावायची.